कळंकाचा बंदोबस्त

संगीतावर मनुष्याचे प्रेम असते असे जे सर्वत्र गृहीत धरले जाते, त्यात थोडीशी दुरुस्ती सुचविण्याचे धाडस मी करणार आहे. मनुष्याचे खरे प्रेम वाद्यावर असते. संगीत हा त्या वाद्यापासून प्रसंगोपात्त निघणारा, आणि थोडी दक्षता घेतल्यास पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखा, पदार्थ होय. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांनी आपल्या आयुष्याचा किती भाग त्याच्या साथीने गाण्यात खर्च केला आणि किती भाग त्याची गवसणी उसवण्यात-शिवण्यात, भोपळ्यावरची धूळ फुंकण्यात आणि घोडीवरचे दोरे मागेपुढे सरकविण्यात खर्च केला, याचा प्रामाणिक जमाखर्च मांडला, तर शिल्लक कोणत्या बाजूस निघेल हे सांगावयास हिशेबतपासनीस बोलवावा लागणार नाही. तबलजी मंडळींत तर हातोडी हे स्वतंत्र वाद्यच मानले पाहिजे, कारण कित्येक मैफलींत आरंभीचा बराच वेळ तिचेच एकलवादन चालते आणि श्रोत्यांपैकी जे अस्सल रसिक असतात ते त्यालाही मान डोलावतात.

वाद्यसेवेच्या या उदात्त पंथाची परमावधी मात्र तंबोऱ्यात नाही की तबल्यात नाही. ती इलेक्ट्रिक गिटारचे गंजलेले फ्रेट घासून लखलखीत करण्याच्या विधीत आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. हे मत मी आरामखुर्चीत बसून, परंतु अत्यंत जवळून, केलेल्या निरीक्षणावर आधारलेले आहे. ज्याला ब्रासोचा वास येतो तो साक्षीदार दूरचा म्हणता येत नाही.

या पंथाची पूर्वपरंपराही मोठी आहे. कॅलिफोर्नियातील फुलरटन या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढून उद्योगाला आरंभ करणारे लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची जी गिटार बाजारात आणली, जिच्या दोन शिंगांच्या आकृतीची नक्कल आज जगातील शेकडो कारखान्यांत होत असते आणि जिच्यासाठी असंख्य तरुणांनी आपल्या वडिलांशी वैर पत्करले, ती गिटार त्या गृहस्थांना स्वतःला वाजविता येत नसे. कित्येकांना ही गोष्ट फेंडरसाहेबांच्या चरित्रातील न्यून वाटते. मला ती त्या चरित्राची गुरुकिल्ली वाटते. त्यांना वाजविता आले असते तर ते वाजवीत बसले असते, आणि जगाला एक बरा वादक मिळून एक उत्तम वाद्य कायमचे अंतरले असते.

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या बसविलेल्या, सतारीच्या पडद्यांशी सोयरीक सांगणाऱ्या, धातूच्या बारीक पट्ट्या. परंतु सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असल्यामुळे रागाच्या सोयीप्रमाणे त्याची थोडी वर-खाली बदली करता येते. मिरजेच्या सतारमेकरांकडून आलेल्या वाद्याला ही सवलत जन्मतःच मिळालेली असते. गिटारचा फ्रेट लाकडात खाच पाडून कायमचा ठोकलेला असतो आणि त्याच्या जागेचा निवाडा गणिताने एकदाच करून टाकलेला असतो. बारावा फ्रेट तारेचे बरोबर दोन समान हिस्से करतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे फ्रेट क्रमाक्रमाने जवळ येत जातात. हे गणित बसविण्यात ज्यांनी डोके घातले त्यांत गॅलिलिओचे तीर्थरूप विन्चेन्झो गॅलिली हेही होते. ते ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवीत, आणि प्रत्येक फ्रेटने उरलेल्या तारेचा अठरावा हिस्सा आपल्याकडे घ्यावा असा जो वाटपाचा हिशेब त्यांनी सांगितला, तो पुढे वाद्यांच्या कारागिरांनी शतकानुशतके चालविला. चिरंजीवांनी आकाशातील गोलांचा हिशेब मांडला तेव्हा त्यांना नजरकैदेत जावे लागले. तीर्थरूपांना अठरा भागांबद्दल कोणी जाब विचारला नाही. शिवाय त्यांच्या काळी ल्यूटचे फ्रेट आतड्याच्या तातीचे असत, मानेभोवती बांधलेले. तात झिजते, तुटते, परंतु कळकत नाही.

पुढे तातीची जागा धातूने घेतली आणि प्रस्तुत प्रकरणास आरंभ झाला. आजच्या बहुतेक गिटारांचे फ्रेट निकेल सिल्व्हर या भारदस्त नावाच्या मिश्रधातूचे असतात. या धातूत चांदी औषधालाही नसते. शंभर भागांत साठाहून अधिक भाग तांबे, अठराच्या आसपास निकेल आणि उरलेले जस्त, असे त्याचे कुटुंब आहे. आणि जेथे तांबे आले तेथे पाठोपाठ कळंक आला, हे ज्यांच्या घरी कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कधी काळी ताक विसरले गेले त्यांना सांगावयास नको. त्यात वादकाच्या बोटांचा घाम. घामात मीठ, मिठाला हवेतील ओलावा प्रिय, आणि ओलाव्याच्या बाबतीत आमची कोकणपट्टी कोणाचे काही ठेवीत नाही. गिटार बनविणारे लोक आपल्या माहितीपत्रकात असे लिहितात की, वाद्य जेथे ठेवावयाचे तेथील हवेची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांनी आषाढात ठाण्यास एक रात्रही काढलेली नसावी. येथे त्या दिवसांत मीठ बरणीतल्या बरणीत पाझरते, काड्यापेटी ओढता ओढता संपते, आणि पुस्तकांना असा वास येतो की वाचकाला विषय कोणताही असला तरी तो जुनाच वाटावा.

आमचे भाचेबुवा पुण्यास अभियांत्रिकी शिकावयास गेले तेव्हा त्यांनी आपली गिटार तिच्या काळ्या पेटीसह आमच्या घरी पलंगाखाली ठेवण्याची तजवीज केली. पेटीला आतून मखमलीचे अस्तर आणि अस्तराखाली स्पंज. म्हणजे वाद्याला धक्का लागू नये म्हणून जी व्यवस्था केली होती तीच सबंध पावसाळाभर पाणी पिऊन बसली. गणपतीच्या सुटीत पेटी उघडली गेली. आत जे दिसले त्याचा पंचनामा असा: तारा तांबूस, जागोजागी खरखरीत, प्रत्येक फ्रेटवर तारांच्या बरोबर खाली सहा काळे डाग, जणू कोणी तेवढ्याच ठिकाणी बोट टेकवून साक्ष दिली आहे, आणि जेथे धातूची कड लाकडात शिरते तेथे, नीट निरखून पाहिल्यास, हिरवट निळसर, किंचित भुकटी सुटलेली एक अरुंद किनार. भाचेबुवांनी एक तार दाबून बाजूला ओढली. गिटारवादनात या ओढण्याला फार महत्त्व आहे, किंबहुना सगळे करुण रस त्यावरच अवलंबून असतात. परंतु येथे तार वाळूवरून फरफटल्यासारखी कर्र करीत गेली आणि करुण रस वादकाच्या चेहऱ्यावरच उमटला.

धातू घासण्याचा प्रश्न निघाला की महाराष्ट्रीय घरात अज्ञ असा कोणी उरत नाही. वाद्य अमेरिकन आकृतीचे, तारा परदेशी, आणि त्यावर वाजणारे सूर घरात कोणालाही मान्य नसलेले. तथापि कळंक मात्र पूर्णपणे आमच्या अधिकारक्षेत्रातला होता. आमच्या मातोश्रींनी चष्मा वर करून फ्रेट पाहिले आणि क्षणात निकाल दिला.

"चिंच कोळून घे, वर मीठ टाक, आणि चोळ. समई निघते, हे का निघणार नाही?"

"आजी, अगं ही समई नाहीये," भाचेबुवा म्हणाले.

"समईपेक्षा महाग आहे का?"

"बरीच."

"मग मीठ बारीक घे."

या उपायातील शास्त्र निर्दोष आहे. चिंचेतील आम्ल तांब्याचा कळंक विरघळविते यात शंका नाही. ताम्हने आणि तांबे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर उजळत आले आहेत. अडचण अशी की ताम्हन पाण्याखाली धरता येते, गिटारची मान धरता येत नाही. आणि त्या पट्ट्या ज्या शिसवी जातीच्या लाकडात रोवलेल्या असतात त्यावर पुष्कळदा रोगणही नसते. म्हणजे चिंचेचे पाणी लाकडात मुरणार, त्याबरोबर मीठ मुरणार, आणि मीठ तर या प्रकरणातील मुख्य आरोपी. आरोपीचीच तपासावर नेमणूक करण्याचा हा प्रकार भाचेबुवांनी नम्रपणे नामंजूर केला. त्यांच्या मामींनी मग पितांबरीचे पाकीट पुढे केले. तेही साभार परत गेले. शेवटी मातोश्रींनी कल्हईचा विषय काढला, आणि कल्हईवाला हल्ली गल्लीत येत नाही या विषयावर चर्चा अशी काही रंगली की गिटार जमिनीवर पडलेली असूनही सगळ्यांच्या दृष्टीआड झाली. कथील २३२ अंशांवर वितळते, तेव्हा कल्हईवाला न येणे हे त्या वाद्याचे सुदैवच म्हटले पाहिजे.

प्रत्यक्ष विधीला आरंभ झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आरंभीच लक्षात आले की येथे घासण्यापेक्षा न घासण्याचा बंदोबस्त मोठा असतो. प्रथम जुन्या तारा सैल करून उतरविल्या. मग दोन फ्रेटांमधील लाकूड झाकण्यासाठी मास्किंग टेप आली, रंगारी लोक खिडकीच्या काचांना लावतात तीच, इंचभर रुंदीची. आता गणिताची करामत पाहा. साडेपंचवीस इंच लांबीची तार धरून आखलेल्या मानेवर वरच्या टोकाच्या घराची रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर असते आणि अगदी खालच्या, बाविसाव्या फ्रेटच्या घराची जेमतेम ११. म्हणजे वरच्या घरांत एक पट्टी अपुरी पडते म्हणून दोन लावाव्या लागतात, आणि खालच्या घरांत एकच पट्टी मावत नाही म्हणून ती उभी चिरावी लागते. सबंध मानेवर टेप जशीच्या तशी नेमकी बसावी अशी घरे मध्यावर काय ती एक-दोन. विन्चेन्झो गॅलिली यांनी अठरा भाग करताना टेपवाल्यांचा विचार केला नव्हता हे उघड आहे. भाचेबुवा कात्री, मोजपट्टी आणि जिभेचे टोक बाहेर काढून त्या कामाला बसले. इंजिनियरिंगच्या ड्रॉइंगच्या तासाला जी एकाग्रता त्यांच्या अध्यापकांना कधी पाहावयास मिळाली नाही ती येथे फुकट वाया जात होती, असे मला क्षणभर वाटले. परंतु फुकट गेलेली एकाग्रता हाच तर छंदाचा प्राण आहे.

याहून कडक पहारा पिकअपांवर लागतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जे आयताकृती ठोकळे असतात, त्यांच्या पोटात लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. पोलादी तार वर थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते, आणि त्या विजेचे पुढे ॲम्प्लिफायरमध्ये जे होते त्याबद्दल शेजारी अर्ज करतात. फ्रेट घासावयास वापरतात ती स्टील वूल, म्हणजे पोलादाचीच लोकर. घासताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण झडतात, आणि चुंबक त्यांना आदराने बोलावून घेतो. एकदा त्याच्या आश्रयाला गेलेला कण फुंकून जात नाही, पुसून जात नाही, आणि चिमट्याने धरू गेल्यास चिमटाच तेथे रुजू होतो. चिकटपट्टीचा गोंद लावलेली बाजू दाबून दाबून काही कण परत मिळविता येतात म्हणतात. परंतु शहाणा मनुष्य आधीच पिकअपांवर तीन-चार पदरी टेप चिकटवून सरहद्द बंद करतो. आमच्या घरी सरहद्द इतकी चोख बंद करण्यात आली की गिटार डोक्याला मार बसून इस्पितळातून आलेली दिसू लागली.

नंतर क्रमांकांचा प्रश्न. हार्डवेअरच्या दुकानदाराने दोन वस्तू दिल्या होत्या, काचकागद आणि लोकर, आणि दोहोंची भाषा परस्परविरुद्ध. काचकागदाचा आकडा जसा मोठा तसा तो मऊ: ४०० चा बोचरा, १००० चा सौम्य, २००० चा तर हाताला कागदच लागतो, काच लागत नाही. लोकरीचे मोजमाप मात्र शून्यात. एका शून्याची जाडीभरडी, चार शून्यांची सर्वांत तलम. ज्याच्याजवळ अधिक शून्ये तो अधिक मुलायम, हा नियम सरकारी कचेरीतही माझ्या पाहण्यात आला आहे, पण तेथे तो मुलाखतीस येणाऱ्याच्या शून्यांना लागू असे. गंज जेथे खोल गेला होता तेथे भाचेबुवांनी आधी कागद वापरला आणि मग चार शून्यांच्या लोकरीवर आले.

येथे एक बारकावा आहे, आणि तो मला फार आवडला. कागद फ्रेटवरून कोणत्याही दिशेने फिरला तरी चमक येते. परंतु सूक्ष्म ओरखडे त्याच दिशेने राहतात. तार बाजूला ओढताना ती फ्रेटच्या लांबीवरून सरकते, तेव्हा ओरखडे तिच्या सरकण्याला आडवे गेले तर बोटाला प्रत्येकाची दखल घ्यावी लागते, आणि लांबीनेच गेले तर काही कळत नाही. म्हणून शेवटचा हात नेहमी फ्रेटच्या लांबीने द्यावयाचा. डोळ्यांना दोन्ही प्रकारचे फ्रेट सारखेच चमकताना दिसतात. फरक फक्त बोटाला कळतो. ज्या वादकाचे बोट हा फरक ओळखू शकते त्याला मी गुणी समजेन. आमच्या भाचेबुवांनी तो फरक नख फिरवून ओळखला, वाजवून नव्हे, याची नोंद येथे केली पाहिजे.

सर्वांत शेवटी ब्रासो. डबा हलवून झाकण उघडताच अमोनियाचा जो दर्प सुटला त्याने मातोश्री देवघरातून "कोण आलंय?" असे विचारत्या झाल्या. जुन्या धोतराच्या फडक्यावर दोन थेंब घेऊन, लाकडाला न लावता, फ्रेटवर चोळावयाचे. फडके काळे होते. कोरडी बाजू घेऊन पुन्हा चोळावयाचे. आणि मग एकाएकी त्या दोन-अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर छतातली ट्यूबलाइट सबंध, सरळ, एका रेघेत उतरते. ही रेघ दिसली आणि भाचेबुवा असे काही हसले की त्यांचा बारावीचा निकाल मला त्या मानाने अगदीच फिका आठवला. पण या विधीचा खरा डाव पुढेच आहे. पहिला फ्रेट उजळला की दुसरा आधी वाटला नव्हता इतका मळका दिसू लागतो. दुसरा उजळला की तिसऱ्याला तोंड दाखविता येत नाही. आणि बाविसावा संपेपर्यंत पहिल्यावर, हात लावून लावून, पुन्हा एक पुसट ठसा उमटलेला असतो. रियाजात असे प्रोत्साहन कोठे? महिनाभर पलटे घोटले तरी गळा ट्यूबलाइटमध्ये चमकत नाही, आणि घरातील माणसे "जरा आवाज कमी" यापलीकडे अभिप्राय देत नाहीत. येथे मात्र दर दहा मिनिटांनी धातू स्वतः प्रशस्तिपत्र लिहून देतो, त्याला गुरू लागत नाही, प्रतिभा लागत नाही, आणि येणारेजाणारे थांबून "वा!" म्हणतात. भाचेबुवांनी गिटार हाती घेतल्यापासून तिच्याकडे पाहून कोणी "वा!" म्हणाल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

टेप सोलून काढली, लाकडाला तेलाचा हलका हात दिला, तारांचे नवे पाकीट फोडले. नव्या तारा चढविल्या की त्या ताणत राहतात आणि सूर उतरत राहतो, तेव्हा लावणे, ओढणे, पुन्हा लावणे यात संध्याकाळ गेली. मग जेवणाची पाने घेतली गेली आणि गिटार पेटीत गेली. वाजविण्याचा प्रश्न कोणी काढला नाही. मी मात्र, माहिती असावी म्हणून, एवढेच सुचविले की दर वेळी वाजवून झाल्यावर तारा आणि फ्रेट कोरड्या फडक्याने पुसले तर हा सारा खटाटोप पडणार नाही. शिवाय स्टेनलेस स्टीलचे फ्रेटही मिळतात, ते एकदा बसवून घेतले की कळंकाचे नाव नको. भाचेबुवांनी दोन्ही सूचना ऐकून घेतल्या, आणि पुढच्या सुटीत पुरेल इतकी लोकर आताच आणून ठेवावी काय, असे मला विचारले.

आमच्या खालच्या मजल्यावर मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले एक रावसाहेब राहतात. मागील उन्हाळ्यात त्यांनी या गिटारविरुद्ध सोसायटीच्या सचिवांकडे तीन कलमी तक्रार अर्ज रुजू केला होता, आणि त्याची एक प्रत, माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी, मला दिली होती. भाचेबुवा आल्याचे कळूनही दोन दिवस वरून काही आवाज येईना, तेव्हा ते चौकशीस वर आले. वाद्याची एकंदर कैफियत, पावसाळ्याचा परिणाम, टेप, लोकर, ब्रासो आणि सुटीतील मुदत, हे सर्व त्यांनी काळजीपूर्वक ऐकले, मधून मधून "म्हणजे या अवधीत वादन होत नाही?" असा खुलासाही मागितला. ते खाली गेले आणि थोड्याच वेळात ब्रासोचा एक न फोडलेला डबा आणि पिवळ्या फ्लॅनेलचा हातभर तुकडा घेऊन परत आले.

"पुढच्या पावसाळ्यात पलंगाखाली कशाला ठेवता?" डबा भाचेबुवांच्या हाती देत ते अत्यंत वात्सल्याने म्हणाले. "आमच्या न्हाणीघराला लागून एक कोनाडा रिकामा आहे. थोडी ओल असते, नाही असं नाही. पण तुमचं वाद्य अगदी सुरक्षित राहील."